कड

ब्र्नोच्या लॅबनं सांगितले रिळामागे नऊशे कोरुना.
माझ्याकडे रिळं एकतीस
आणि ऑस्त्रावाच्या ट्राम डेपोतली पेन्शन.
म्हटलं, राहू दे. इन्सुलेशन टेप आहे घरात.

प्रोजेक्टर वडिलांचाच. मोटर जळालेली,
तिच्या जागी भंगारातल्या श्कोडाच्या वायपरची बसवली.
तिला घाई माहीत नाही.
दिवा काढला, तो फीत भाजतो,
तिथे चाळीस कोरुनांचा एलईडी, पुढे दह्याच्या डब्याचं झाकण,
उजेड जरा मऊ पडावा म्हणून.
भिंग उलटं लावलं.
आणि एका मेलेल्या माऊसचं बटण
शाफ्टला असं खेटून ठेवलं
की चौकट जागेवर आली रे आली, टक्.
टक् झालं की कॅमेरा एक फोटो घेतो.
कॅमेरा वरच्या मजल्यावरच्या क्रिश्तोफचा,
रविवारी परत द्यायचा बोलीवर.

सेकंदाला दोन चौकटी.
चार मिनिटांच्या रिळात चार हजार.
तोवर मी बटाटे सोलते,
कान तिकडे.
एक टक् चुकला तरी सुरी थांबते.

वडील कुठेच दिसत नाहीत, ते कॅमेऱ्यामागे.
आम्ही दिसतो, त्यांच्या हुकमात:
हलत राहा, फोटो नाही काढत मी!
म्हणून आम्ही सगळे विनाकारण हात हलवतोय,
बर्फात, अंगणात, आजोबांच्या कबरीपाशीसुद्धा.

अडुसष्टच्या उन्हाळ्यात सांधे फार.
आई पोहते. सांधा. आई टॉवेल पिळते.
मधे काय होतं, लहानपणी विचारलं होतं मी.
फीत तुटली, म्हणाले.
पण तुटलेल्या फितीची कड दातेरी असते.
ही सरळ. पट्टी धरून कापल्यासारखी.

अठरा रिळं झाल्यावर क्रिश्तोफ म्हणाला,
मावशी, चित्र कडेनं खाल्लं जातंय.
कॅमेऱ्यानं टिपलेलं सगळं प्रोजेक्टर दाखवत नाही,
थोडं स्वतःकडे ठेवतो. खिडकी घासा.
दोन संध्याकाळी कानस चालवली, अर्धा मिलिमीटर,
दातांच्या डॉक्टरसारखा श्वास धरून,
कीस ब्रशनं झाडत.

एकोणिसावं रीळ. झेर्मानित्सेचं धरण.
आई आइस्क्रीम खाते आणि डावीकडे बघून हसते.
भिंतीवरच्या चादरीवर ती वर्षानुवर्षं अशीच हसली,
आमच्या कपाटाकडे.
आज, भोकांच्या मधल्या पट्टीत,
जिथे चित्र असायचं कारण नाही,
एक चौकड्यांची बाही. एक हात.
उजव्या मनगटावर घड्याळ.

उजव्या हातात घड्याळ आमच्याकडे एकटा विलेममामा बांधायचा.
ऑगस्टनंतर तो व्हिएन्नाला, मग विनिपेगला,
मग जेवणाच्या टेबलावरून त्याचं नावही गेलं.
वडिलांची नोकरी राहिली.

एकशे बारा चौकटी.
सोळाच्या वेगानं सात सेकंद.

चादरीवर दिसलं नाही म्हणून कात्रीतून सुटलं,
असं मी आधी धरून चालले.
मग आठवलं, कापताना ते भिंग लावायचे,
उजळ काचेवर फीत ठेवून, एक डोळा मिटून.
भिंगात कड दिसते.
ज्या माणसानं जन्मात कुणाची कड घेतली नाही,
त्यानं ही पाहिली असणार.
पाहून कात्री खाली ठेवली असेल,
किंवा तेवढ्यात कुणी जेवायला हाक मारली असेल.
आईच असेल.

रविवारी क्रिश्तोफ आला. टीव्हीवर लावून बघितलं.
स्वच्छ आहे, म्हणाला, आइस्क्रीमचा ओघळसुद्धा दिसतोय.
फक्त ती भोकं कापून टाका, चित्र मोठं करा,
नाहीतर दोन्ही बाजूंना काळं राहतं.
राहू दे काळं, म्हटलं.
बस. सूप घे.

आणि ऐक,
पहिली अठरा रिळं कानसीच्या आधीची आहेत,
परत चढवावी लागतील.
कॅमेरा बुधवारपर्यंत ठेवते.